उपाशी रात्रीचा जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण. विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून येथे प्रसिद्ध करीत आहोत.)





दरवर्षी मी या व्यासपीठावर उभा राहतो तो जमाखर्चाचा आढावा सादर करण्यासाठी. यंदा अध्यक्ष महोदय म्हणाले, "आकडे अहवालात छापून येणारच आहेत, तुम्ही दुसरे काही बोला." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि त्या वेळी उभयपक्षी कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही. तरीही आज, आपल्या शरीरातील चरबी कशी मोडते आणि कशी वापरली जाते या विषयावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे. त्याला कारण पन्नास रुपयांचे एक बिल आहे. मजकूर आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी वाचून दुरुस्त करून दिला आहे. उपमा मात्र माझ्या आहेत, त्यांचा दोष त्यांच्याकडे नाही.

ऊसतोडणीच्या हंगामातील एका सकाळची गोष्ट. ट्रॅक्टर चालविणारे एक गृहस्थ हातात बिल घेऊन माझ्या खोलीत आले. त्यांची तीन वर्षांची मुलगी आदल्या पहाटे आपल्याकडे दाखल झाली होती आणि आता वॉर्डात खिचडी खात होती. त्याबद्दल ते कृतज्ञ होतेच. परंतु बिलातील एका ओळीवर त्यांचे बोट होते. "साहेब, पोरीला शुगर नाही. आमच्या घराण्यात कुणाला नाही. मग हे शुगर तपासल्याचे पन्नास रुपये कशाचे?"

प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हते. बाकीच्या बिलात त्यांना सवलत मिळाली होती. ही ओळ तेवढी त्या सवलतीबाहेर राहिली होती. मी ती तत्काळ खोडली. पण ओळ खोडणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. म्हणून त्यांना बसवून घेतले आणि डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्या अर्ध्या तासात त्या गृहस्थांना व मला जे कळले, आणि नंतर मी जे विचारून, वाचून घेतले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

त्या मुलीला आदल्या दुपारपासून उलट्या होत होत्या. संध्याकाळी तिने काही खाल्ले नाही. दमून साडेसातलाच झोपली. घरच्यांना वाटले, झोपली आहे तर झोपू द्यावे. पहाटे पाच वाजता आई उठवू लागली तर मूल उठेना. अंग सैल पडले होते, मग हातपाय झटके देऊ लागले. आमच्या अपघात विभागात आल्या आल्या परिचारिकेने बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहिली, ती ३४ निघाली. निरोगी मुलात ती साधारणपणे सत्तरच्या वर असते. शिरेतून ग्लुकोजचे द्रावण देण्यात आले आणि दाखल्याचा कागद भरून होण्यापूर्वी मुलीने डोळे उघडून आईला हाक मारली.

आता हे घडले कसे? येथे मी माझ्या भाषेत सांगतो. शरीराजवळ दोन प्रकारची शिल्लक असते. पहिली हातातील रोकड, म्हणजे यकृतात साठविलेली साखर. तिला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या यकृतात ती साधारण शंभर ग्रॅम असते. स्नायूंत याहून अधिक असते, परंतु स्नायू आपली साखर स्वतःपुरती वापरतात, इतरांना देत नाहीत. दुसरी शिल्लक म्हणजे मुदत ठेव, अर्थात चरबी. सत्तर किलो वजनाच्या सर्वसाधारण माणसाजवळ ती दहा-पंधरा किलो सहज असते. निसर्गाने ठेव चरबीत का ठेवली, याचे उत्तर कोणत्याही हिशेबनिसाला पटेल. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, एक ग्रॅम साखरेतून चार. शिवाय ग्लायकोजेन साठवायचे तर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी सोबत बाळगावे लागते, चरबी मात्र जवळजवळ कोरडी राहते. कमी जागेत, कमी वजनात जास्त मूल्य.

आपण रात्री जेवून झोपतो आणि सकाळी उठून चहा घेतो. मधल्या आठ-दहा तासांत हृदय थांबत नाही, श्वास थांबत नाही. तो खर्च कोण भागवते? सुरुवातीला रोकड, आणि रात्र चढत जाईल तशी ही ठेव. जेवणानंतर स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन चरबीच्या कोठारावर पहारा ठेवून असते. पोट रिकामे झाले, इन्शुलिन उतरले की पहारा सैल होतो. चरबीच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या एका कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. ती सुटी होतात, रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून अवयवांकडे जातात आणि पेशींच्या आतील तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, जळतात. लांब साखळीच्या मेदाम्लांना त्या दारातून आत जाण्यासाठी कार्निटिन नावाचा वाहक लागतो, तो नसेल तर माल दारातच अडून राहतो. आपले हृदय तर बहुतांश याच इंधनावर चालते.

मेदाम्ल जळते म्हणजे काय, हे शोधून काढण्याची कथा मला फार आवडली. मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची लांब साखळी असते. ती शरीरात कोठून आणि कशी तुटते हे कोणाला दिसत नव्हते. १९०४ मध्ये फ्रान्झ क्नूप या जर्मन शास्त्रज्ञाने एक युक्ती केली. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग नोटांना पावडर लावून सापळा रचतो ना, तशीच. त्यांनी मेदाम्लाच्या शेपटीला शरीराला मोडता न येणारी एक कडी जोडली, ती मेदाम्ले कुत्र्यांना खाऊ घातली आणि मूत्रात ती खूण कोणत्या रूपात बाहेर पडते ते पाहिले. साखळीतील कार्बन सम संख्येने असतील तर खुणेला दोन कार्बन चिकटलेले आढळत, विषम असतील तर एकच. साखळी किती का लांब असेना, उरलेली बाकी हीच. याचा अर्थ साखळी प्रत्येक वेळी दोन-दोन कार्बननेच तुटत होती. मूत्रातील बाकीवरून संपूर्ण व्यवहार उलगडणारा हा गृहस्थ उत्तम लेखापरीक्षक झाला असता. या क्रियेला बीटा ऑक्सिडेशन म्हणतात. ती तंतुकणिकांत घडते हे युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेहनिंजर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले. दोन कार्बनचा तो तुकडा म्हणजे काय याचा छडा फेओडोर लिनेन यांनी १९५१ मध्ये लावला, आणि मेदाम्लांवरील संशोधनासाठी १९६४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पामिटिक हे आपल्या आहारातील नेहमीचे मेदाम्ल. त्यात सोळा कार्बन असतात, सात वेळा कातर चालते आणि आठ तुकडे होतात. हे तुकडे पूर्ण जळले की पेशीच्या चलनात, ज्याला एटीपी म्हणतात, निव्वळ १०६ नाणी जमा होतात. जुन्या पुस्तकांत हाच आकडा १२९ दिलेला आहे. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "ही तेवीस नाण्यांची तूट कोणाच्या नावे टाकायची?" त्या म्हणाल्या की तूट नव्हे, जुने मोजमाप ढोबळ होते. आमच्या लेखापरीक्षकांनी हे उत्तर माझ्याकडून स्वीकारले नसते.

जाता जाता, माझ्यासारख्या मध्यमवयीन मंडळींच्या माहितीसाठी एक गोष्ट. जळालेली चरबी जाते कोठे? घामातून किंवा मालिशने नव्हे. दहा किलो चरबी जळली तर त्यातील सुमारे ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडते आणि १.६ किलोचे पाणी होते. पोटावर पट्टा बांधून ती वितळविण्याच्या जाहिराती आपण वाचतो, त्यांचा हिशेब या नियमात कोठेच बसत नाही.

आतापर्यंत माझी मुदत ठेवीची उपमा बरी चालली. पण एका ठिकाणी ती लंगडी पडते, आणि मुलीचा प्राण नेमका तेथेच अडकला होता. बँकेतील ठेव मोडली की रोकड हातात येते. चरबीची ठेव मोडली तरी तिची साखर होत नाही. ग्लिसरॉलच्या कण्यापासून थोडी होते तेवढीच. मेदाम्लांपासून साखर बनविण्याची सोय आपल्या शरीरात नाही. आणि काही अवयव असे आहेत की ज्यांना मेदाम्ले चालत नाहीत. रक्तातील तांबड्या पेशींजवळ तंतुकणिकाच नसतात, त्या केवळ साखरेवर जगतात. मेंदूलाही मेदाम्ले जवळजवळ निरुपयोगी. मोठ्या माणसाचा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम साखर खर्च करतो. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने पुष्कळ मोठा आणि यकृत छोटे. म्हणजे घरात खर्च मोठा आणि गल्ल्यात रोकड थोडी.

मग माणूस दिवसेंदिवस उपाशी राहूनही शुद्धीवर कसा राहतो? कारण यकृत दोन कामे करते. एक, स्नायूंच्या प्रथिनांतून आणि अन्य सुट्या मालातून नवी साखर बनविते. दोन, मेदाम्लांच्या तुकड्यांपासून केटोन नावाचे पदार्थ तयार करून रक्तात सोडते आणि मेंदू ते वापरतो. डॉक्टर फार काळ केटोनांना निव्वळ रोगाचे लक्षण मानीत. १९६७ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वजन घटविण्यासाठी पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या रुग्णांच्या मेंदूकडे जाणारे व तेथून येणारे रक्त तपासले, तेव्हा मेंदूचा निम्म्याहून अधिक खर्च केटोन भागवीत असल्याचे आढळले. आपल्याकडे निर्जळी उपवासांची परंपरा इतकी जुनी, पण त्या उपवासात मेंदू कशावर जगतो याची रीतसर नोंद झाली ती अशी.

यातही एक मेख आहे. यकृताने नवी साखर बनविणे हा कारखाना आहे आणि त्या कारखान्याची वीज मेदाम्ले जाळूनच येते. त्यामुळे मेदाम्लांचा रस्ता बंद झाला तर तिन्ही बाजूंनी कोंडी होते. केटोन बनत नाहीत, नवी साखर बनत नाही, आणि जे अवयव एरवी मेदाम्लांवर भागवितात तेही उरलीसुरली साखर ओढू लागतात.

आमच्या त्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंनी पहाटेच मूत्राची दुसरी पट्टी पाहिली होती. त्यात केटोन भरपूर होते. त्यांना त्यावरून हायसे वाटले, कारण रस्ता उघडा होता. मूल लहान, उलट्यांमुळे पोट रिकामे, रात्र लांब, एवढ्यामुळे रोकड संपली होती आणि केटोन अपुरे पडले होते. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे अधूनमधून दिसते आणि मूल मोठे होते तसे थांबते. साखर उतरलेली आणि केटोन मात्र नगण्य, असे आढळले असते तर गोष्ट फार वेगळी होती. तेव्हा मेदाम्ले मोडणारे एखादे विकर जन्मतःच सदोष असल्याची शंका घ्यावी लागते. अशा दोषांपैकी एक, मध्यम लांबीच्या साखळीवर काम करणाऱ्या विकराचा, १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रथम ओळखला गेला. त्याआधी अशी किती मुले निदानाविना गेली असतील हे सांगणे शक्य नाही. या दोषाचे मूल एरवी धडधाकट असते, आणि एखाद्या तापात किंवा जुलाबात रात्रभर उपाशी राहिले की सकाळी उठत नाही. उपचार काय, तर उपाशी राहू द्यायचे नाही, आणि आजारपणात तोंडाने साखर जात नसेल तर ताबडतोब शिरेतून द्यायची. आता नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखता येतो आणि अनेक देशांत प्रत्येक बालकाची तशी तपासणी होते. आपल्या देशात सर्व बालकांसाठी अशी सोय अद्याप नाही. म्हणून नातेवाईकांना माझी विनंती आहे की, घरात पूर्वी एखादे बाळ असे झोपेत किंवा किरकोळ आजारात अचानक गेले असेल तर ते दुःख झाकून न ठेवता डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आता मी आपल्याला थोडा वेळ बिहारमध्ये नेणार आहे, कारण जन्मतः कोणताही दोष नसलेल्या मुलांचाही हा रस्ता बंद होऊ शकतो, हे तेथे दिसले.

मुजफ्फरपूर हा लिचीच्या बागांचा जिल्हा. तेथे १९९५ पासून मे-जून महिन्यांत, लिचीच्या हंगामात, एक आजार येत असे. लोक त्याला चमकी बुखार म्हणत. गरीब घरची मुले रात्री बरी झोपत आणि पहाटे झटके येऊन बेशुद्ध होत. कोणी मेंदूज्वराचा विषाणू म्हणाले, कोणी उष्माघात, कोणी कीटकनाशक. पावसाळा आला की आजार थांबे आणि प्रश्न तसाच राही. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि डॉ. मुकुल दास यांनी लिचीतील एका द्रव्याकडे बोट दाखविले. भारत सरकारचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची तशीच संस्था यांनी मिळून २०१४ च्या हंगामात सविस्तर पाहणी केली. २६ मे ते १७ जुलै या काळात तेथील दोन मोठ्या रुग्णालयांत अशी ३९० मुले दाखल झाली. त्यांतील १२२ दगावली.

पाहणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांची साखर दाखल होताना मोजली गेली, त्यांच्यापैकी ६२ टक्के मुलांत ती ७० किंवा त्याहून कमी होती. विषाणू, जिवाणू व कीटकनाशके यांचा पुरावा मिळाला नाही. आजारी मुलांत लिची खाल्लेल्यांचे प्रमाण पुष्कळ अधिक होते, आणि त्याबरोबरच आदल्या संध्याकाळी जेवण न झालेल्यांचेही. लिचीच्या गरात, विशेषतः कच्च्या फळात, दोन द्रव्ये असतात जी मेदाम्लांचे ज्वलन रोखतात. तपासलेल्या ७३ आजारी मुलांपैकी ४८ मुलांच्या मूत्रात त्यांचे अवशेष सापडले. ८० मुलांच्या रक्ताची दुसरी एक तपासणी केली, त्यांतील ७२ मुलांत मेदाम्लांचा व्यवहार ठप्प झाल्याच्या खुणा होत्या. जमैका बेटावर अॅकी नावाचे फळ आहे. ते कच्चे खाऊन होणारी प्राणघातक ओकारी तेथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती आणि त्यातील विषद्रव्य १९५० च्या दशकात वेगळे करण्यात आले होते. अॅकी आणि लिची एकाच कुळातील आहेत. आपला रिठाही त्याच कुळातला, पण तो कोणी खात नाही.

याचा अर्थ लिची विषारी आहे असा कृपा करून घेऊ नये. मुंबई-पुण्यात मुले ती आनंदाने खातात आणि त्यांना काही होत नाही, कारण ती रात्री जेवून झोपतात. मुजफ्फरपूरच्या मुलाची गोष्ट निराळी होती. मूल आधीच कृश, यकृतात रोकड नाममात्र. दिवसभर बागेत पडलेली फळे खाऊन पोट भरले, म्हणून घरी जेवले नाही, किंवा घरात जेवणच नव्हते. रात्री रोकड संपली, शरीराने ठेव मोडायला घेतली, तर ठेवीच्या खात्यावर फळाने स्थगिती आणलेली. पहाटेपर्यंत मेंदूला ना साखर, ना केटोन. उष्म्याचा व कुपोषणाचा वाटा किती याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते असू शकतात. पण पाहणीनंतर शिफारशी झाल्या त्या अगदी साध्या. मुलांना लिची बेताने द्या, रात्री उपाशी झोपवू नका, आणि असे मूल आले की प्रथम साखर पाहून ताबडतोब ग्लुकोज द्या. काही वर्षे आजार पुष्कळ ओसरला. २०१९ मध्ये तो पुन्हा उसळला आणि त्या उन्हाळ्यात शंभराहून अधिक बालके गेली.

आपल्या तालुक्यात लिची पिकत नाही. पण हंगामात कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, आणि आईबाप अंधारातच फडावर जातात. अंधार पडल्यावर परतलेल्या आईची चूल पेटेपर्यंत लहानगे झोपलेले असते. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. हंगामात अपघात विभागात पहाटे येणाऱ्या मुलाची साखर आधी पाहायची, हा नियम आम्ही यासाठीच केला.

नियम केला असे म्हणालो, तेव्हा एक कबुलीही देतो. साखर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी एकदा उघडली की ठरावीक मुदतीत संपवावी लागते. काही वर्षांपूर्वी वॉर्डावॉर्डांत मुदत संपलेल्या डब्या सापडू लागल्या. मी नासाडी थांबविण्यासाठी पट्ट्या भांडारात कुलपाखाली ठेवल्या आणि मागणीपत्राशिवाय देऊ नयेत असा आदेश काढला. त्या वर्षीच्या अहवालात बचतीच्या उपायांत मी त्याचा अभिमानाने उल्लेखही केला होता. त्या पहाटे पाच वाजता भांडारपाल घरी होते आणि किल्ली त्यांच्याजवळ. परिचारिकेने धावत जाऊन पुरुष वॉर्डातील एका मधुमेही आजोबांची स्वतःची डबी उसनी आणली. ती ३४ ची नोंद त्या आजोबांच्या पट्टीवरची आहे. आणि आम्ही बिल मात्र रुग्णालयाच्या नावे लावले! हे मला त्या गृहस्थांसमोर कळले. त्यांच्यासमोर कळले हे एका परीने बरेच झाले.

पट्ट्या आता अपघात विभागाच्या ट्रेमध्ये असतात, प्रत्येक पाळीला मोजल्या जातात आणि मुदत जवळ आलेली डबी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात पाठविली जाते. नासाडी होत नाही. हे मला आधी का सुचले नाही, याला उत्तर नाही.

उपाशीपणाविषयी आणखी दोन गोष्टी नातेवाईकांसाठी सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला उपाशी ठेवा असे सांगितले की प्रेमळ घरांत अधिक खबरदारी म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच पाणी बंद होते. कृपया असे करू नका. भूलतज्ज्ञांचा सर्वसाधारण नियम असा की घन आहार सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या मुलाची नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. शस्त्रक्रियांच्या यादीत सर्वांत लहान मूल सर्वांत आधी घेण्याची पद्धत आम्ही त्यासाठीच पाळतो. यादी पुढे सरकली तर परिचारिकेला पुन्हा विचारा, संकोच करू नका.

दुसरी गोष्ट अगदी उलट प्रकारची. मघाशी इन्शुलिनला मी कोठारावरचा पहारेकरी म्हणालो. ज्या मुलांना टाइप एक मधुमेह आहे त्यांच्याजवळ स्वतःचा पहारेकरी नसतो, तो रोज सुईने नेमावा लागतो. तो नसला तर रक्तात साखर भरलेली असूनही चरबीचे कोठार लुटले जाते, यकृत केटोनांचा पूर आणते, ते आम्लधर्मी असल्याने रक्त आम्ल होते, श्वास खोल व जलद होतो आणि त्याला नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणासारखा वास येतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांचे आयुष्य महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत मोजले जाई. आजही आपल्याकडे, "काही खाल्ले नाही म्हणून इन्शुलिन घेतले नाही", असे सांगत रुग्ण येतात. उपवास असो वा उलट्या, मात्रा बदलावी लागेल, ती डॉक्टरांना फोन करून विचारा. परंतु इन्शुलिन स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नका. नवरात्रापूर्वी बाह्यरुग्ण विभागात यासाठी स्वतंत्र वेळ ठेवलेली असते.

शेवटी देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. आपण दिलेल्या यंत्रांवर आपल्या मातापित्यांची नावे कोरलेली आहेत आणि ती तेथे असावीत. साखरेच्या पट्टीवर नाव कोरता येत नाही. ती वापरली की पिवळ्या पिशवीत जाते. ग्लुकोजच्या बाटलीचेही तेच. या कारणाने अशा खर्चासाठी देणगी मागायला मला स्वतःलाच संकोच वाटे, आणि तो खर्च आम्ही रुग्णाच्या बिलात टाकत राहिलो. विश्वस्त मंडळाने यंदा ठराव केला आहे की अपघात विभागात बेशुद्ध, झटके येणारे किंवा सुस्त असे जे मूल येईल त्याची साखर व केटोन तपासणी विनामूल्य होईल. जमाखर्चात त्यासाठी 'बालरुग्ण तातडीची तपासणी' असे स्वतंत्र खाते उघडले आहे. या खात्यात पहिली रक्कम जमा झाली ती पन्नास रुपयांची. ते गृहस्थ मुलीला घरी नेताना परत आले, नोट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "त्या आजोबांची पट्टी भरून द्या." आजोबांना नवी डबी संस्थेने दिली, आणि नोटेची पावती क्रमांकासह त्या गृहस्थांना पाठविली.

खात्याची नोंदवही अपघात विभागातील टेबलावर आहे. चहापानानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी.